अवर्षणाची चाळणी : पानापासून दाण्यापर्यंत

नोव्हेंबर १९६६. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर ८’ हा बुटका, भरघोस उत्पादन देणारा भाताचा वाण जगापुढे ठेवला. त्याच हंगामात बिहारमधील पलामू, गया, हजारीबाग या जिल्ह्यांत उभे भात दाणा भरण्याआधीच वाळून गेले होते. पुढच्या एप्रिलमध्ये बिहार सरकारने राज्याच्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला.

हरितक्रांतीच्या इतिहासात पहिल्या घटनेला मानाचे पान मिळते आणि दुसरी तिची पार्श्वभूमी म्हणून येते. पण या दोन घटना शेजारी ठेवल्या, की एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाट-कालव्यांच्या शेतासाठी भात निवडण्याची रीत सापडली, तशी पावसाच्या भरवशावरच्या शेतासाठी का सापडली नाही? प्रयत्न झाले नाहीत, असे मुळीच नाही. त्यासाठी हजारो वाण तपासले गेले. तरीही खात्रीची पद्धत हाती यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. हा धागा त्या चाळीस वर्षांचा आणि त्या काळात बदलत गेलेल्या चाळणीचा.

प्रथम १९६६ मध्ये बिहारात नेमके काय बिघडले ते पाहिले पाहिजे. तिथला शेतकरी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी पडणाऱ्या पावसाला ‘हथिया’ म्हणतो. हथिया म्हणजे आपले हस्त नक्षत्र. भोंडल्याच्या पाटावर जो हत्ती काढला जातो, तो याच नक्षत्राचा. लावणीचे भात या सुमारास पोटरीत किंवा फुलोऱ्यात असते. जुलैत पाऊस लांबला, तर रोप काही दिवस तग धरते आणि उशिराने का होईना सावरते. हथिया चुकला, तर सावरायला पुढे वेळच उरत नाही. १९६६ मध्ये नेमका हा पाऊस चुकला. शेत दुरून हिरवे-पिवळे दिसत होते, पण लोंब्या पोचट होत्या.

‘लोंबी पोचट’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढची सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

शेतकऱ्यांची स्वतःची चाळणी अर्थातच फार जुनी होती. साठ दिवसांत तयार होणाऱ्या ‘षष्टिक’ भाताचा उल्लेख पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. ‘साठी’ हे त्याचेच देशी नाव. पाऊस संपण्याआधी पीक घरात आणायचे, म्हणजे अवर्षणाशी झुंजायचे नाही, त्याला चुकवायचे, असे हे धोरण होते. छोटा नागपूरच्या पठारावर उंच, उतरत्या, पाणी न थांबणाऱ्या जमिनीला ‘टांड’ म्हणतात. तिथे ‘गोरा’ नावाने ओळखले जाणारे हळवे भात पिढ्यानपिढ्या पेरले जाई. या वाणांचे उत्पादन बेताचे, पण ते सहसा दगा देत नसत. त्यांची निवड कोणी एका वर्षात केली नव्हती. दुष्काळी वर्षात ज्याच्या कणगीत पुढच्या पेरणीपुरते बी उरले, त्याचा वाण टिकला. चाळणी लावण्याचे काम दुष्काळानेच केले होते.

आयआर ८ ची घडण याच्या उलट टोकाची होती. इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानमधील बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून तो निघाला. खत भरपूर दिले, की उंच भात लोळते. बुटके भात ताठ राहते आणि खताचा दाणा करते. या बुटकेपणाच्या जनुकाला पुढे ‘एसडी १’ म्हटले गेले. संस्थेच्या प्रक्षेत्रावर या वाणाने हेक्टरी ९ टनांच्या पुढे मजल मारली. मात्र त्याला खाचरात उभे पाणी हवे होते. संस्थेची सगळी निवड भरल्या पाण्यात झाली होती, आणि भरल्या पाण्यात जो जिंकतो तो कोरड्यात कसा वागेल, हे त्या शर्यतीत कुणी विचारलेलेच नव्हते.

हा प्रश्न संस्थेने फार काळ टाळला, असेही म्हणता येणार नाही. वनस्पती-आनुवंशिकीचे अभ्यासक ते-त्सु चांग यांनी संस्थेच्या आरंभापासून आशियाभरातील भाताचे नमुने जमवून बीजपेढी उभारली होती. १९७० च्या दशकात चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नमुने अवर्षणासाठी तपासायला घेतले. पद्धत सोपी होती. लॉस बान्योसच्या कोरड्या ऋतूत छोट्या ओळींत बी पेरायचे, रोपे स्थिरावेपर्यंत पाणी द्यायचे आणि मग ते तोडायचे. काही आठवड्यांनी निरीक्षकाने ओळींमधून चालत जायचे आणि प्रत्येक नमुन्याला गुण द्यायचे.

गुण दिले जात ते पानाला. भाताच्या पानाच्या वरच्या बाजूला शिरांच्या मधोमध फुगीर पेशींच्या रांगा असतात. पाणी कमी पडले, की या पेशी आक्रसतात आणि पान मिटू लागते. संस्थेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण-मूल्यमापन पद्धतीत ० ते ९ अशी श्रेणी आहे. ० म्हणजे सपाट, निरोगी पान. पुढे पान उथळ दुमडते, मग खोल दुमडते, मग पन्हळीसारखे होते, त्यानंतर दोन्ही कडा एकमेकींना टेकतात, आणि ९ म्हणजे सुरळी. पान किती वाळले याची अशीच दुसरी श्रेणी. आणि पाणी पुन्हा सोडल्यावर किती रोपे सावरली याची तिसरी.

या पद्धतीची थट्टा करणे आज सोपे आहे, पण तिची बाजूही न्याय्य होती. बीजपेढीत नमुने हजारोंनी होते. प्रत्येकाचे पीक पूर्ण वाढवून, कापून, झोडून, तोलायचे म्हटले, तर जमीन, मजूर आणि वर्षे, काहीच पुरले नसते. गुण देत चालत जाणारा माणूस एका सकाळी शेकडो ओळी तपासू शकतो. शिवाय पान उशिरा मिटणे हे बहुधा मुळे खोल असल्याचे लक्षण असते, हेही खरेच होते. जॉन ओ’टूल यांच्यासारख्या शरीरक्रिया-अभ्यासकांनी पानाची सुरळी आणि पानातील पाण्याचा ताण यांचा संबंध मोजून दाखवला होता.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली अशी, की मिटलेल्या पानाचा अर्थ एकच नसतो. एखादे रोप हतबल होऊन पान मिटते, तर दुसरे शहाणपणाने मिटते. बाष्पीभवन कमी करते आणि पाणी राखते. श्रेणीत दोघांनाही सारखेच गुण मिळतात. त्याहून फसवी बाब म्हणजे खुरटे, अशक्त, मंद वाढणारे रोप मुळात पाणीच कमी पिते. त्यामुळे त्याच्या मुळांशी ओल अधिक दिवस टिकते, पान हिरवे राहते आणि ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. दाणे मात्र ते मूठभरच देते.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. ही परीक्षा रोपाच्या बाल्यावस्थेत घेतली जाई. बिहारचे पीक गेले होते पोटरीत आणि फुलोऱ्यात. म्हणजे आषाढात पेपर घ्यायचा आणि निकाल आश्विनासाठी लावायचा, असा हा प्रकार होता.

फुलोऱ्यात पाणी तुटले, तर भातात काय घडते? पोटरीतून लोंबी वर ढकलणारा दांडा पुरेसा लांबत नाही. लोंबी अर्धी कोशातच अडकते. अडकलेल्या भागातील फुले उमलतच नाहीत. जी उमलतात, त्यांच्यातील परागकोश नीट फुटत नाहीत. परागसिंचन झाले नाही, की दाणा नाही. हे नुकसान काही दिवसांत पूर्ण होते आणि नंतरच्या पावसाने ते भरून येत नाही. पान या काळात बऱ्यापैकी हिरवे असू शकते. पानाने दिलेली साक्ष आणि लोंबीचा निकाल यांचा मेळ बसेलच असे नाही.

१९८० आणि ९० च्या दशकांत संशोधकांची नजर पानावरून मुळाकडे वळली आणि तिथे कल्पकतेला बहर आला. रोप जमिनीतून उपटायला किती जोर लागतो, हे मोजणारे प्रयोग झाले. काचेच्या भिंतींच्या पेट्यांत मुळे वाढवून त्यांची खोली पाहिली गेली. एका प्रयोगात मेण आणि व्हॅसलीन यांच्या मिश्रणाचा थर कुंडीत मधोमध घातला. भातशेतात चिखलणीमुळे जमिनीखाली टणक थर तयार होतो, त्याची ही नक्कल. त्या थराला भोक पाडून किती मुळे खाली उतरतात, हे मोजायचे. जनुकीय खुणांचे तंत्र आल्यावर फिलिपिन्सच्या ‘अझुसेना’ या खोल मुळांच्या वाणातील मूळ-संबंधी जनुकखंड लोकप्रिय ‘आयआर ६४’ मध्ये आणले गेले. मुळे थोडी सुधारली, पण शेतात उत्पादनाचा फरक किरकोळ ठरला. याच अझुसेनाचे खंड ‘कलिंग ३’ या वरकस जमिनीच्या वाणात घालून तयार झालेला ‘बिरसा विकास धान १११’ मात्र झारखंडमध्ये प्रसारित झाला. सगळेच प्रयत्न वाया गेले, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

आता साधा प्रश्न. दाणाच हवा होता, तर सरळ दाणाच का तोलला नाही?

त्यामागे पैदासशास्त्रातील एक पक्का समज होता. दोन वाणांच्या उत्पादनातील फरक काही अंशी त्यांच्या जनुकांमुळे असतो आणि काही अंशी जमिनीचा उंचसखलपणा, ओल, कीड अशा योगायोगांमुळे. फरकाचा जो भाग जनुकांमुळे असतो, त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. अवर्षणात उत्पादन घटते, शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यात ओल बदलते, त्यामुळे योगायोगाचा वाटा वाढतो आणि जनुकांचा घटतो. मग उत्पादनावरून निवड करणे म्हणजे नाणे उडवण्यासारखे, असे मानले जाई. पान, मूळ, पानातील पाणी ही लक्षणे त्या मानाने स्थिर. म्हणून त्यांच्यावरून निवड करावी, असा युक्तिवाद होता. पाठ्यपुस्तकांतून तो पुढच्या पिढीकडे गेला.

हा युक्तिवाद तर्काला धरून होता, पण तो शेतात पुरेसा तपासला गेला नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे वारंवार भेटतात: कुणी खोटे बोललेले नसते, आणि तरीही एक अनुमान तीस वर्षे वस्तुस्थितीच्या जागी बसून राहते.

बदलाच्या खुणा १९९० च्या दशकात दिसू लागल्या. डेनिस गॅरिटी आणि ओ’टूल यांनी ताण फुलोऱ्याच्या वेळीच यावा, अशा रीतीने प्रयोग आखले आणि पिकाच्या छत्राचे तापमान अवरक्त तापमापकाने मोजले. ज्या रोपाला मुळातून पाणी मिळते, ते घाम आल्यासारखे थंड राहते. ज्याला मिळत नाही, ते तापते. या मापनाचा दाण्याशी असलेला संबंध पानाच्या सुरळीपेक्षा अधिक जवळचा होता. हेच ओ’टूल पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानात गेले आणि आशियातील अवर्षण-संशोधनाला अर्थसाहाय्य मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

निर्णायक वळण २००० नंतर आले. गॅरी ॲटलिन, रेने लाफिट, अरविंद कुमार आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी जुन्या समजालाच परीक्षेला बसवले. एकाच संकराची शेकडो वंशावळ-वाणे दोन शेतांत लावायची. एकात पाणी भरपूर, दुसऱ्यात फुलोऱ्याच्या सुमारास कडक ताण. दोन्हींत पुनरावृत्ती पुरेशी ठेवायची. मग दोन्हींतील पीक कापायचे आणि तोलायचे. निष्कर्ष असा निघाला, की प्रयोग काळजीपूर्वक आखला, तर ताणाखालील उत्पादनाचे आनुवंशिकतेचे प्रमाण पाण्यातल्या उत्पादनाच्या तोडीचे असू शकते. म्हणजे नाणे उडवावे लागत नाही. ताणाखाली निवडलेल्या वाणांनी पुढच्या हंगामात ताणाखाली खरोखरच अधिक दाणा दिला, आणि निवड दोन्ही शेतांतील कामगिरी पाहून केली, तर चांगल्या पावसाच्या वर्षातील उत्पन्नही गमवावे लागत नाही, हेही दिसले.

‘काळजीपूर्वक’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे. दुष्काळ निर्माण करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. कोरडा ऋतू निवडला, तरी अवेळी एक सर आली, की महिन्यांचे श्रम वाहून जातात. म्हणून काही केंद्रांत रुळांवर सरकणारी छपरे उभारली गेली. लावणीनंतर सुमारे महिन्याभराने खाचराचे पाणी काढून टाकायचे. छिद्रे पाडलेले प्लास्टिकचे नळ जमिनीत उभे पुरून आतली पाण्याची पातळी रोज किती खाली जाते ते पाहायचे. मातीत टेन्शिओमीटर रोवायचे. पाण्याने भरलेली ही नळी टोकाला सच्छिद्र मातीची असते, आणि कोरडी होणारी माती तिच्यातले पाणी जितक्या ओढीने शोषते तितका ताण वरच्या मापकावर दिसतो. ताण फार झाला, तर एकदाच पाणी देऊन पुन्हा तोडायचे. नाहीतर सगळेच वाण मरतात आणि तुलना करायला काही उरत नाही. हळवे आणि गरवे वाण एकाच दिवशी पेरले, तर हळवा वाण ताण येण्याआधी फुलून मोकळा होतो आणि सहनशील असल्याचा आभास निर्माण करतो. तेव्हा पेरणीच्या तारखा मागेपुढे कराव्या लागतात किंवा सारख्या मुदतीच्या वाणांचे गट करावे लागतात. शेजारी पाण्याचे शेत नसेल, तर घट मोजायची कशाच्या तुलनेत? पान मिटले की नाही, हे इथेही पाहिले जातेच. पण आता ते ताण पुरेसा झाला का, हे ओळखण्यासाठी. विजेता ठरवणे हे त्याचे काम उरले नाही.

या पद्धतीने मिळालेले सर्वांत चकित करणारे फळ २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जेरोम बर्निए आणि सहकाऱ्यांनी ‘वंदना’ आणि ‘वे रारेम’ या दोन वाणांच्या संकरातील ४३६ वंशावळी तपासल्या. वंदना हा हजारीबागचा, टांड जमिनीसाठी काढलेला, अवर्षण सोसणारा वाण. वे रारेम इंडोनेशियाचा, उत्पादनाला बरा, पण ताणाखाली कोसळणारा. बाराव्या गुणसूत्रावर एक जनुकखंड असा सापडला, की कडक ताणाखालील उत्पादनातल्या आनुवंशिक फरकाचा सुमारे ५१ टक्के भाग त्या एकट्याने स्पष्ट होत होता. उत्पादनासारख्या गुंतागुंतीच्या गुणात, शेकडो जनुकांचा हात असताना, एकाच खंडाचा एवढा वाटा ही दुर्मीळ बाब होती. त्याला ‘क्यूडीटीवाय १२.१’ असे नाव मिळाले.

आणि हा उपकारक खंड आला होता वे रारेमकडून. वंदनाकडून नव्हे, जो वाण स्वतः अवर्षणात कोसळतो, त्याच्याकडून. पानाच्या किंवा मुळाच्या चाळणीने वे रारेम पहिल्याच फेरीत बाद झाला असता आणि त्याच्याबरोबर हा खंडही. वाण म्हणून दुबळा ठरलेल्या भातात एखादा बहुमोल अंश असू शकतो आणि योग्य घरी गेल्यावर तो फळतो, ही गोष्ट दाणा तोलल्याशिवाय कळण्याजोगी नव्हती. लॉस बान्योस आणि पूर्व भारतातील पुढच्या प्रयोगांत आणखी एक वैशिष्ट्य दिसले: ताण जितका कडक, तितका या खंडाचा परिणाम ठळक.

इथे कथा पुन्हा हजारीबागला येते. १९६६-६७ च्या दुष्काळात होरपळलेल्या याच जिल्ह्यात १९८० मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेने वरकस भातासाठी स्वतंत्र केंद्र उघडले होते. वंदना तिथूनच आला. २००० नंतर लॉस बान्योसमध्ये तयार होणारे वाण भारतात तपासण्यासाठी जे जाळे उभे राहिले, त्यात हजारीबाग, रायपूर, रांची, फैजाबाद, कटक अशी केंद्रे होती. हजारीबागचे मंडल, रायपूरचे वेरुळकर आदी संशोधकांनी हे प्रयोग आपापल्या मातीत केले. एका ठिकाणचा दुष्काळ दुसऱ्या ठिकाणच्या दुष्काळासारखा नसतो, म्हणून या जाळ्याला मोल होते. लॉस बान्योसची ज्वालामुखीय माती आणि छोटा नागपूरची तांबडी, आम्लधर्मी, उथळ माती यांच्यात ताणाचा वेगही वेगळा असतो.

या जाळ्यातून एक वाण सातत्याने वर राहिला. त्याचा क्रमांक होता ‘आयआर ७४३७१-७०-१-१’. गंमत म्हणजे त्याच्याही वंशावळीत वे रारेम आहे. केंद्रांच्या प्रक्षेत्रांबरोबरच तो शेतकऱ्यांच्या शेतांतही लावला गेला आणि शेतकऱ्यांचे मत निवडीत घेतले गेले. २००९ मध्ये देशातील मोसमी पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी झाला. तसले वर्ष कुणीही मागत नाही, पण परीक्षेसाठी त्याहून खरे वर्षही नव्हते. २०१० मध्ये हा वाण झारखंड आणि ओडिशासाठी प्रसारित झाला. निवडीत शेतकरी सहभागी होते म्हणून त्याचे नाव ‘सहभागी धान’. बांगलादेशात तोच ‘ब्री धान ५६’ झाला आणि नेपाळात ‘सुखा धान ३’. नेपाळीत ‘सुखा’ म्हणजे कोरडा. मराठी कानाला त्यात सुख ऐकू येते, तो केवळ योगायोग.

सहभागी धान सुमारे १०५ ते ११० दिवसांत येतो. चांगल्या वर्षी हेक्टरी साडेतीन ते साडेचार टन. कडक अवर्षणात एक ते दोन टन. हा दुसरा आकडा आयआर ८ च्या ९ टनांशेजारी क्षुल्लक वाटेल. पण पलामूच्या शेतकऱ्यासाठी निवड ९ आणि २ यांमधली कधीच नव्हती. ती २ आणि शून्य यांमधली होती. दोन टनांत घरचे धान्य आणि पुढचे बी निघते. शून्यात सावकार, जनावरांची विक्री आणि शहराकडे जाणारी रेल्वे.

या संशोधनाने मागे वळून हरितक्रांतीच्या इतिहासावरही प्रकाश टाकला, आणि हा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. उत्तर प्रदेशातील ‘नगिना २२’ या काटक देशी वाणाचा ‘स्वर्णा’, ‘आयआर ६४’ आणि ‘एमटीयू १०१०’ यांच्याशी संकर करून तपासणी झाली, तेव्हा पहिल्या गुणसूत्रावर ‘क्यूडीटीवाय १.१’ हा खंड सापडला. अवर्षणातील उत्पादन वाढवणारा हा खंड बसला होता एसडी १ या बुटकेपणाच्या जनुकाला अगदी लागून. गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुके सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. नगिना २२ उंच. त्याच्याकडे उंचीची आवृत्ती आणि सहनशीलतेची आवृत्ती जोडीने होती. १९६० च्या दशकात पैदासकारांनी पिढ्यामागून पिढ्या उंच रोपे उपटून फेकली आणि बुटकी ठेवली. शेजारच्या खंडात काय आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. उंचीबरोबर अवर्षण-सहनशीलताही बांधावर फेकली गेली.

१९६६ चे दोन प्रसंग इथे एका गुणसूत्रावर भेटतात. ज्या जनुकाने पंजाब आणि आंध्रचा त्रिभुज प्रदेश यांची कोठारे भरली, त्याच्याच शेजारी हजारीबागच्या कामाचे काहीतरी होते. यात कुणाचा कट शोधण्याचे कारण नाही. पण ‘निवड’ ही कधीच तटस्थ नसते, हे मात्र दिसते: ज्या शेतात चाळणी लावली, त्या शेताच्या गरजा वाणात उतरल्या, आणि ज्या शेतात ती लावली नाही, तिथल्या गरजा गळून पडल्या. नंतर हेच बुटके वाण पावसाच्या शेतांतही पसरले, कारण चांगल्या वर्षी त्यांच्याइतके उत्पन्न दुसरे कुणी देत नव्हते. स्वर्णा हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे १४० ते १५० दिवसांचा हा गरवा वाण पूर्व भारतभर लावला जातो. तो फुलतो तेव्हा हथिया येऊन गेलेला असतो. त्यानंतर जमिनीत ओल नसेल, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

ही जोडी तोडता येते, हेही त्याच संशोधकांनी दाखवले. दोन जनुके शेजारी असली, तरी हजारो रोपांतून एखाद्यात त्यांची फारकत झालेली असते; जनुकीय खुणांनी ते रोप शोधता येते. १९६० च्या दशकात हे अशक्य होते. एसडी १ नेमका कोणता जनुक आहे, हेच मुळी २००२ मध्ये उलगडले. आता बुटकी तरीही अवर्षण सोसणारी रोपे मिळू लागली.

मुळांच्या बाजूनेही एक प्रत्युत्तर आले, त्याची नोंद घेतली नाही तर चित्र एकांगी होईल. जपानमधील युसाकु उगा आणि सहकाऱ्यांनी रोपे छोट्या जाळीदार टोपल्यांत वाढवली. किती मुळे टोपलीच्या बाजूंतून बाहेर येतात आणि किती तळातून, हे मोजले, की मुळांचा कोन कळतो. फिलिपिन्सच्या ‘किनांदांग पातोंग’ या वरकस वाणाची मुळे सरळ खाली जात. आयआर ६४ ची आडवी पसरत. कारण नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सापडले, त्याचे नाव ‘ड्रो १’. तो आयआर ६४ मध्ये घालून कोलंबियातील वरकस शेतात तपासला, तेव्हा ताणाखाली दाणा वाढला. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टोपलीची चाळणी मोलाची ठरली, कारण तिच्या निकालावर शेतातल्या दाण्याचा शिक्का घेतला गेला. मेणाच्या थराच्या काळात बहुतेक वेळा राहून गेली ती ही शेवटची पायरी.

त्यानंतरची वाटचाल बरीच वेगवान आहे. २०१४ मध्ये भारतात ‘डीआरआर धान ४२’ प्रसारित झाला. हा म्हणजे ‘आदाय सेल’ या वाणातील दोन अवर्षण-खंड घेतलेला आयआर ६४. दिसायला, शिजवायला आणि विकायला तो जुन्या आयआर ६४ सारखाच, त्यामुळे शेतकऱ्याला नव्या तांदळाचे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातही ओळखीचा असलेला एमटीयू १०१० आणि पूर्वेकडचा स्वर्णा यांच्यावरही हेच काम झाले. स्वर्णाच्या बाबतीत तर दुहेरी अडचण होती. पूर्व भारतात एकाच खरिपात जुलै-ऑगस्टमध्ये पूर येतो आणि ऑक्टोबरात जमीन भेगाळते. म्हणून पुराखाली तग धरणारा ‘सब १’ हा जनुक आणि अवर्षणाचे तीन खंड एकाच स्वर्णात एकत्र आणले गेले. कटकच्या संस्थेने ‘सीआर धान ८०१’ या नावाने तो वाण प्रसारित केला. त्याची अंतिम निवड होण्याआधी त्याला दोन परीक्षा द्याव्या लागल्या: एकदा तळ्यात बुडवून, आणि एकदा फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी तोडून. दोन्ही वेळा शेवटी तोलला गेला तो दाणाच.